इडा ब्लॉक आहे म्हणे, 18 हजार भरू का?

मूळ पत्र चार पानी होतं, कापून छापतेय. इडा-पिंगळा म्हणजे योगात सांगितलेल्या नाड्या, त्यांचं खाली उत्तरात येतंच.

"ताई नमस्कार. वय 61, पाणीपुरवठ्यात नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. झोपेचे वांदे आहेत. साडेदहाला पडतो, तीनला टक्क जागा. डाव्या कुशीवर झोपावं म्हणतात म्हणून तसाच झोपतो. मिसेस म्हणते घोरता फार. दुपारी जेवण झालं की मात्र दोन तास कशी छान लागते. बीपीची एक गोळी चालू आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला योगाचा क्लास सुरू झालाय, मिसेसबरोबर मीही जातो. तिथल्या सरांनी माझ्या नाकाखाली बोट धरून सांगितलं की तुमची इडा पूर्ण ब्लॉक आहे, पिंगळा ओव्हरलोड झालीये, म्हणून झोप नाही. मग जोरजोरात श्वासाचा प्रकार करून घेतला. पाच-सात मिनिटांत हाताला मुंग्या, ओठ बधिर, बोटं आखडून वाकडी. मी घाबरलो तर सर म्हणाले अभिनंदन, नाड्या उघडतायत, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता 21 दिवसांचा नाडीशुद्धी कोर्स आहे, 18 हजार रुपये, आणि त्या काळात गोळी हळूहळू सोडायची. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, ती म्हणते बाबा असलं शरीरात काही नसतं. मिसेसचा सरांवर विश्वास. नाड्या असतात का नसतात, असल्या तर कुठून कुठे जातात, ब्लॉक कसा ओळखायचा, एवढं स्पष्ट सांगा. डायग्राम मिळाला तर उत्तम. — धनकवडीकर"

धनकवडीकर, नमस्कार.

आधी गोळीचं बोलू. गोळी सोडायची नाही. हळूहळू नाही, अर्धी करून नाही, एक दिवसाआड नाही, ज्या डॉक्टरांनी चालू केली त्यांनी बीपी बघून सांगितलं तरच. काही गोळ्या अशा असतात की एकदम थांबवल्या तर बीपी आधीच्यापेक्षा वर उसळी मारतं, आणि तुम्हाला वरून काही कळत पण नाही. योग करून बीपी थोडं खाली आलं तर छानच आहे, ते मशीनवर दिसेल, डॉक्टरांना दिसेल, तेच गोळी कमी करतील. क्लासवाल्या सरांना हा अधिकार कुणी दिला ते मला माहीत नाही, तुम्ही तरी देऊ नका.

दुसरं, ती वाकडी झालेली बोटं. टाळ्या वाचून माझं डोकं फिरलं खरं सांगते. काय होतं, भराभर आणि जोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. शाळेत आपल्याला शिकवलं की तो म्हणजे कचरा, बाहेर टाकायचा, पण तो थोडा आत असावाच लागतो कारण रक्ताची आम्लता त्याच्यावर सांभाळली जाते. तो घटला की रक्त अल्कलीकडे झुकतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं, मग मज्जातंतू उगाचच चाळवतात आणि मुंग्या, ओठ बधिर, बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी. मेंदूच्या रक्तवाहिन्या पण आवळतात म्हणून गरगरतं. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसाला डिट्टो हेच होतं आणि त्याला कुणी अभिनंदन म्हणत नाही.

मला हे इतक्या ठामपणे का सांगता येतं, तर मी स्वतः यातून गेलेय. चौतीस-पस्तिशीत एका शिबिराला गेले होते, तिथं पंधरा मिनिटं भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, करून घेतली आणि मी शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोसळले. डोळे उघडले तर सगळे हात जोडून माझ्याकडे बघतायत, शक्ती जागी झाली म्हणे. मला काय, बरंच वाटलं! दोन वर्षं मी स्वतःला काहीतरी स्पेशल समजत होते, घरच्यांना वात आणला होता. शेवटी शेजारच्या डॉक्टर बाईंनी कागदावर आकृती काढून वरची कॅल्शियमची गोष्ट समजावली, आणि माझी शक्ती तिथेच विझली. त्यामुळे तुम्ही हुरळून गेला असाल तर त्यात लाजायचं काही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नाड्या असतात का. यात पहिली गंमत शब्दातच आहे, आपल्याकडे नाडी म्हटलं की चार जण चार गोष्टी समजतात. वैद्य मनगट धरतात ती नाडी. पत्रिका बघताना आद्य, मध्य, अंत्य असते ती नाडी, दोघांची एकच निघाली की एकनाड म्हणून चांगली स्थळं परत जातात (36 पैकी 8 गुण एका फटक्यात शून्य, आमच्या वाड्यात यावरून दोन महिने अबोला चालला होता). तंजावरकडची ताडपत्रं वाचून भविष्य सांगतात ती नाडीपट्टी. आणि योगातली नाडी म्हणजे जिच्यातून प्राण वाहतो असं म्हणतात ती वाट. या चारही वेगवेगळ्या. मनगटावरची परीक्षा पण आपण समजतो तेवढी जुनी नाही, चरक-सुश्रुतात ती सापडत नाही, नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत येते. सुश्रुतात 700 सिरा आणि 24 धमन्या सांगितल्यात, ते शरीराचं खातं वेगळं आणि योगाचं वेगळं. त्यामुळे "आयुर्वेदात पण हेच सांगितलंय" असं सर म्हणाले असतील तर तिथं त्यांनी दोन फायली एकत्र शिवल्यात.

डायग्राम मागितलात. इथं चित्र छापता येत नाही, शब्दांत देते. बेंबीच्या खाली एक कंद, पक्ष्याच्या अंड्याच्या आकाराचा, तिथून सगळ्या नाड्या निघतात. त्यात तीन मुख्य. इडा डावीकडची, चंद्राची, थंड, डाव्या नाकपुडीपर्यंत. पिंगळा उजवीकडची, सूर्याची, उष्ण, उजव्या नाकपुडीपर्यंत. आणि मधोमध मेरुदंडातून सरळ वर टाळूकडे जाते ती सुषुम्ना. इडेला गंगा म्हणतात, पिंगळेला यमुना आणि सुषुम्नेला सरस्वती, म्हणजे न दिसणारी. षट्चक्रनिरूपण नावाचा बंगालमधला ग्रंथ आहे, 1577 चा, पूर्णानंदांचा, त्यात तर सुषुम्नेच्या आत वज्रा आणि वज्रेच्या आत चित्रिणी, पाइपात पाइप. तुम्हाला आवडेल.

पण बाकीच्या नाड्यांचा हिशेब विचारलात की मजा सुरू होते. कठोपनिषदात हृदयाच्या नाड्या 101, त्यातली एक डोक्याकडे वर जाते. प्रश्नोपनिषदात त्या 101 च्या प्रत्येकी 100 शाखा आणि प्रत्येक शाखेच्या 72,000 उपशाखा, गुणाकार करून बघा, सगळ्या मिळून 72 कोटी 72 लाख 10 हजार 201 येतात. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात 72,000. शिवसंहितेत साडेतीन लाख, त्यात 14 महत्त्वाच्या. गोरक्षाच्या परंपरेत महत्त्वाच्या 10. आता तुम्ही आयुष्यभर खात्यात काम केलंय, एकाच शहराच्या पाइपलाइनींचे पाच नकाशे आले आणि पाचांत आकडे वेगळे, तर तुम्ही काय म्हणाल? कुणीतरी मोजलेलंच नाही. बरोबर. मोजलेलं नाहीच. ते लोक मोजायला बसले नव्हते, शरीराच्या आत लक्ष फिरवत बसले होते आणि जे जाणवलं त्याचा नकाशा काढत होते, ज्याला जे जाणवलं, जेवढं गुरूनं सांगितलं, तेवढं.

आणि उकरून बघायचा प्रयत्न पण झालाय बरं का. स्वामी दयानंद सरस्वती, आर्य समाजवाले, जे 1875 मध्ये आपल्या पुण्यात येऊन व्याख्यानं देऊन गेले, त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की तरुणपणी गंगेत वाहत आलेलं प्रेत त्यांनी बाहेर ओढलं, चाकूने चिरलं, पुस्तकातली नाडीचक्रं जुळतात का ताडून बघितली, काही जुळलं नाही, तेव्हा पुस्तकं फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. काय जिगर बघा माणसाची. उलट बाजूने मुंबईचे डॉ. वसंत रेळे, त्यांनी 1927 मध्ये पुस्तक लिहून कुंडलिनी (कण्याच्या तळाशी झोपलेली असते असं मानतात ती शक्ती) म्हणजे उजवी व्हेगस नर्व्ह, मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी नस, असं जुळवून दाखवलं. मला विचाराल तर दोघांनीही एकच गृहीत धरलं, की नकाशात रेघ आहे म्हणजे खाली खणल्यावर तार नाहीतर नळी सापडली पाहिजे.

याच्यावर माझं एक पुणेरी उत्तर आहे. पुण्यात रस्ते खणायला आपण काही कमी करत नाही. एकाच रस्त्यावर आधी ड्रेनेजवाले, मग केबलवाले, मग तुमच्या खात्यातले. पण इतकं खणून आजवर कुणाला बसचा रूट सापडलाय का? कात्रज-स्वारगेट असा रूट डांबराखाली कुठेच नाही, तरी बस रोज जाते, लोक रोज बसतात आणि उतरायचं तिथं उतरतात. नाडी मला तशी वाटते. लक्ष आणि श्वास ज्या वाटेने फिरवायचे ती वाट. दयानंदांनी खणलं ते पण बिचाऱ्या प्रेतात, तिथं बसच बंद पडलेली. त्यामुळे तुमची मुलगी "शरीरात असलं काही नसतं" म्हणते ते शवविच्छेदनाच्या टेबलावर शंभर टक्के बरोबर आहे, तिच्याशी वाद घालू नका. आणि डोळे मिटून पाठीच्या कण्यातून लक्ष हळूहळू वर नेताना माणसाला काहीतरी जाणवतं ते पण खोटं नाही. फक्त यातून एक गोष्ट आपोआप ठरते, की जी वाट फक्त आतून चालून कळते तिचं बाहेरून कुणी नाकाखाली बोट धरून इन्स्पेक्शन करू शकत नाही, पूर्ण ब्लॉक का अर्धी ब्लॉक ते तर नाहीच नाही.

मग सरांना बोटाला काय लागलं? लागलं ते खरंच लागलं, डाव्या नाकपुडीतून हवा कमी येत होती. पण ती प्रत्येकाचीच कधी ना कधी कमी येते. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात, त्यांत रक्त भरलं की त्या फुगतात आणि ती बाजू तुंबते, दुसरी मोकळी होते, मग काही तासांनी उलट. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये याच्यावर लिहिलं, नाकाचं चक्र म्हणतात त्याला. आपल्या स्वरशास्त्रवाल्यांना (कुठल्या नाकपुडीतून श्वास चालू आहे त्याला ते स्वर म्हणतात) हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, शिवस्वरोदयात स्वर दर अडीच घटकांनी बदलतो म्हणून दिलंय, घटका 24 मिनिटांची म्हणजे बरोबर एक तास. प्रत्यक्षात नाक काही घड्याळ लावून चालत नाही, कुणाचं दोन तासांनी, कुणाचं पाच-सहा, कुणाचं अनियमितच. पण निरीक्षण बघा किती बारीक होतं त्या लोकांचं, मला याचं खरंच कौतुक वाटतं, मशीन नाही काही नाही, नुसतं स्वतःच्या नाकाकडे लक्ष.

आणि आता तुमच्याच पत्रातली ओळ परत वाचा, डाव्या कुशीवर झोपतो. ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी तुंबते आणि वरची मोकळी होते. तुम्ही रात्रभर डाव्या कुशीवर, उठून तोंड धुऊन सहाला क्लासला, तिथं डावी नाकपुडी बंद. सरांनी इडा ब्लॉक सांगितली, मी म्हणते उशीचा परिणाम असण्याची दाट शक्यता आहे. घरी प्रयोग करा ना. उजव्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा आणि नाकाखाली आरसा धरून वाफ कुठल्या बाजूला जास्त येते बघा. जुन्या साधूंकडे तो इंग्रजी टी सारखा लाकडी योगदंड असतो बघा, काखेत धरून बसतात, त्याचा उपयोग हाच, ज्या काखेत दाब त्याच्या विरुद्ध बाजूची नाकपुडी उघडते. आणि आपली वामकुक्षी! वाम म्हणजे डावं. जेवून डाव्या कुशीवर पडलं की उजवी नाकपुडी म्हणजे सूर्यनाडी चालू, आणि स्वरशास्त्रात जेवण पचवायला सूर्यनाडी लागते. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना शास्त्राचा आधार आहे म्हणायचा. हां, एक मात्र, एकच नाकपुडी कायम बंद असेल, बाजू बदलतच नसेल, रक्त वगैरे येत असेल तर ते नाडीचं प्रकरण नाही, कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचं.

आता इतकं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल मग सोडून द्यावं का. अजिबात नको. नाडीशोधन, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून पालटून सावकाश श्वास, ही मला माहीत असलेली सगळ्यात गरीब, सगळ्यात फुकट आणि सगळ्यात शांत करणारी गोष्ट आहे, आणि ती करताना जोर लावायचाच नसतो हे तिचं वैशिष्ट्य. हठयोगप्रदीपिका लिहिणारे स्वात्माराम, पंधराव्या शतकातले धरतात त्यांना, ते सांगतात की नाड्यांत मळ असेल तर प्राण मधल्या वाटेने जात नाही, म्हणजे मळ आणि शुद्धी हे शब्द तिथूनच आले, सरांनी ते हवेतून नाही काढले. पण त्याच अध्यायात ते पुढे सांगतात की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसा श्वास वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं होतं अशी यादीच दिलीय. आणि नियमाने करणाऱ्याच्या नाड्या शुद्ध व्हायला किती दिवस? तीन महिन्यांच्या वर! 21 दिवसांची स्कीम स्वात्मारामांच्या काळात निघालेली नव्हती. शुद्ध झाल्याच्या खुणा पण आहेत, अंग सडसडीत होणं, चेहरा प्रसन्न, डोळे निर्मळ, भूक चांगली लागणं, निरोगी वाटणं. घाम आणि कंप यांचा उल्लेख प्राणायामाच्या पायऱ्यांत येतो, सर ते काढून दाखवतील, पण तो श्वास रोखण्याचा कित्येक महिन्यांचा अभ्यास आहे, सोसायटीच्या हॉलमधली सात मिनिटं नाही.

करायचं कसं ते सांगते. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ ताठ, पोट रिकामं. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी हलकेच बंद, डावीने श्वास आत. मग अनामिकेने डावी बंद, उजवीने बाहेर. उजवीनेच आत, डावीने बाहेर. हे एक आवर्तन. अशी पाच-सहा, हळूहळू दहापर्यंत. घेताना मनात चार मोजलं तर सोडताना सहा, दम लागला तर कमी. आवाज यायला नको, शेजाऱ्याला कळायला नको. श्वास रोखायचा नाही, तुम्हाला बीपी आहे, कुंभक तुमच्यासाठी नाही आणि ती जोरजोरातली भस्त्रिका पण नाही. एखादी नाकपुडी बंद असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका, त्या दिवशी दोन्ही उघड्या ठेवून नुसता लांब श्वास सोडत बसा. आपल्या इथे मॉडेल कॉलनीत अय्यंगार गुरुजींची संस्था आहे, 1975 पासूनची, त्यांच्या पद्धतीत तर आसनं बऱ्यापैकी बसल्याशिवाय प्राणायाम नाही आणि सुरुवात पाठीखाली लोड-ब्लँकेट लावून उताणं पडून, फक्त श्वास बघायचा. बोटं नाकाला लावायची पाळी फार उशिरा येते. सुरुवातीला कंटाळा येतो, पण सत्तरीच्या माणसाला पण जमतं.

तुम्ही पाणीपुरवठ्यातला माणूस, तुम्हाला रीडिंग हवं असणार म्हणून एक गंमत. नाडीशोधन झाल्यावर मनगटाची नाडी बोटाने धरा आणि हळू श्वास चालू ठेवा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो, त्यामुळे नाही कळला तर घाबरू नका, पण बऱ्याच जणांना कळतो. लांब सोडलेल्या श्वासाने माणूस का शांत होतो त्याचं कारण साधारण इथेच आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली ती असल्याच गोष्टी मोजायला, एक्सरे काय, शरीरातले दाब काय, सगळं मोजून त्यांच्या योगमीमांसा या नियतकालिकात छापायचे. म्हणजे योगाला मोजमापाचं वावडं आहे असं कुणी सांगितलं तर शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात काय चाललं होतं ते विचारा.

आणि तुमच्या खात्याशी एक नातं पण आहे याचं. तुमच्या घरापलीकडच्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, ठिकठिकाणी हौद, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या नळावर मध्ये मध्ये हवा जायला जे बांधलंय त्याला शब्द काय आहे? उच्छ्वास. हवा बाहेर पडायला जागा नसेल तर पाणी पुढे सरकत नाही म्हणून. मला कायम वाटतं हा शब्द देणारा माणूस योगातला नक्की असणार, किंवा योगवालेच पाटबंधाऱ्यातले. आत भरण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या एवढंच तुम्हाला या शब्दावरून लक्षात राहील.

पण धनकवडीकर, खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इडेची नाही. घोरता फार, रात्री झोप मोडते, बीपी आहे आणि दुपारी दोन तास गाढ लागते. ही चार वाक्यं तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी सहज लिहिलीत, मी ती एकाखाली एक मांडली. घोरताना घसा मागून मिटतो आणि श्वास काही सेकंद बंदच पडतो असा एक आजार असतो, स्लीप ॲप्निया, त्यात माणूस रात्रीत कित्येकदा अर्धवट जागा होतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, बीपी वाढतं, दिवसा झोप येते. तुम्हाला आहेच असं मी म्हणत नाही, मी काय डॉक्टर नाही. पण मिसेसना विचारा की घोरता घोरता आवाज मध्येच बंद होतो का आणि मग एकदम फुर्रकन मोठा श्वास येतो का. हो म्हणाल्या तर डॉक्टरांना सांगून झोपेची टेस्ट करून घ्या, ती हल्ली घरी मशीन लावून पण होते. लघवीला किती वेळा उठता ते पण सांगा, या वयात पुरुष ते सांगत नाहीत. ब्लॉक असलाच तर तो घशात असेल आणि त्याला उपाय आहे. खर्च करायचाच असेल तर त्या 18 हजारांतले आधी इथे करा.

कोर्सला पैसे भरू नका. क्लास मात्र सोडू नका, सकाळी सहाला उठून बायकोबरोबर चालत जाणं आणि अंग हलवणं यात सगळं चांगलंच आहे. सरांना एवढंच सांगा की मला बीपी आहे, जोराचे प्रकार मी करणार नाही, त्या वेळी मी शवासनात पडून राहीन. चांगले असतील तर ते लगेच हो म्हणतील. तोंड वाकडं केलं तर कसले सर आहेत ते कळलंच. मिसेसशी नाड्यांवरून भांडू नका, त्यांच्या गुडघ्यांना फरक पडला असेल तर विश्वास बसणारच. आणि मुलीला सांगा की तुझे बाबा नाड्या साफ करायला जात नाहीयेत, श्वास सोडायला शिकतायत, ती फिजिओ आहे, तिला पटेल, कदाचित तीच तुम्हाला शिकवेल.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घरात असेल तर काढा. कुंडलिनीचं वर्णन तिथं असं आहे की नागिणीचं पिल्लू कुंकवात न्हालंय आणि वेटोळं घालून झोपलंय, मराठीत इतकं सुंदर या विषयावर कुणी लिहिलेलं नाही. लोक त्या ओव्यांवर जातात आणि पुढच्या सोडून देतात, त्यात माउली खाणं मोजकं, चालणं मोजकं, झोपणं वेळेवर आणि जागणं वेळेवर असं सांगत बसलेत. मूळ गीतेत पण ते आहे, युक्ताहारविहार.

तेव्हा वामकुक्षी बंद करा असं मी म्हणणार नाही, पुण्यात राहून असं कोण म्हणेल. पण दोन तास म्हणजे वामकुक्षी नाही, ती दुसरी रात्र झाली, मग खरी रात्र तीनला संपणारच. अर्ध्या तासाचा गजर लावा, आणि गजर झाला की उठा. मिसेसचं उत्तर काय आलं ते मला कळवा.